हिवाळी बिअर : कोणती लगेच प्यायची, कोणती मुरवायची

प्रश्न थोडक्यात असा आहे : न्यू जर्सीतल्या एका वाचकांच्या नेहमीच्या दुकानात ऑक्टोबरपासून हिवाळी बिअर यायला लागतात. दर वर्षी ते सहा-सात वेगवेगळ्या घेतात, निम्म्या लगेच पितात, निम्म्या स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवतात. गेल्या वर्षीची सिएरा नेवाडा ब्रुअरीची सेलिब्रेशन बिअर या दिवाळीत उघडली तर अगदी बेचव लागली. दालचिनी घातलेल्या एका बिअरमधला मसाला उडून गेला होता. एका स्टाउटचा, म्हणजे काळ्या, भाजक्या चवीच्या बिअरचा फेस तर झाकण काढताक्षणी टेबलभर झाला. चुकतं कुठे, यंदा काय घ्यावं आणि पुण्याला भावासाठी चार बाटल्या नेता येतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमची निवड चुकलेली नाही, ठेवणं चुकलं आहे. ‘हिवाळी बिअर’ हा एक प्रकार नाहीच. दुकानदार एकाच फळीवर ज्या बाटल्या मांडतो, त्यांतल्या काही कोथिंबिरीसारख्या असतात आणि काही लोणच्यासारख्या. लेबलावर सगळीकडे बर्फ, दिवे आणि झाडंच असल्यामुळे कोणती कुठली ते वरून कळत नाही. तुम्ही कोथिंबीर वर्षभर कपाटात ठेवलीत, आणि जी मुरवायला हवी होती ती बहुधा आणल्या दिवशीच संपवलीत.

आधी सेलिब्रेशन, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहे. १९८१ पासून दर हिवाळ्यात निघणारी ही ६.८ टक्के मद्यार्काची बिअर. लाल लेबल आणि बर्फातलं घर पाहून लोकांना वाटतं की हिच्यात मसाले असणार, ख्रिसमसपर्यंत ठेवली तर आणखी छान लागेल. हिच्यात मसाला नाही. ही हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांची बिअर आहे, सरळसरळ आयपीए हा हॉप्स भरपूर घातलेला प्रकार. अमेरिकेत हॉप्सची तोडणी ऑगस्टअखेर सुरू होते आणि सप्टेंबरभर चालते. त्याच हंगामाचे कॅस्केड, सेंटेनियल आणि चिनूक हॉप्स भट्टीत वाळवून, अख्ख्या फुलांच्या रूपात लगेच हिच्यात पडतात. ग्रेपफ्रूटची साल, पाइनचं झाड, संत्रं यांचा वास हे सगळं त्या ताजेपणातून येतं. या सुगंधी तेलांना ऑक्सिजन आणि उष्णता सोसत नाही. आधी वास जातो, मग कडवटपणा बोथट होतो, आणि एरवी हॉप्सखाली झाकलेला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोडवा चिकट होऊन वर येतो. शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तुम्हाला जे ‘बेचव’ वाटलं ते हेच.

बिअरच्या व्यवसायात यासाठी एक ठोकताळा आहे : ३२ अंश सेल्सिअसला ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस यांत बिअर साधारण सारखीच म्हातारी होते. हा काटेकोर नियम नाही, पण दिशा अगदी बरोबर आहे. स्वयंपाकघरातलं कपाट २२ अंशांचं धरलं तर अकरा महिन्यांत तुमच्या बाटलीने फ्रिजमधली कित्येक वर्षं काढली. ही बिअर फ्रिजमध्येच ठेवा आणि बाटलीत भरल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत संपवा. दुकानात ती उबदार फळीवर रचलेली असेल आणि फ्रिजमध्येही असेल, तर फ्रिजमधलीच मागा. थंड बिअर घरी नेताना तासभर गरम झाली तर ती बिघडते असा एक समज आहे, त्यात तथ्य नाही. गाडीच्या डिकीत उन्हात चार दिवस राहिली तर मात्र बिघडते.

मसाल्याच्या बिअरचं गणित आपल्याकडच्या माणसाला सांगावंच लागू नये. दळलेली दालचिनी उघड्या डब्यात वर्षभर ठेवून बघा काय उरतं. बाटलीत वेग कमी, पण प्रकार तोच. क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्सची ख्रिसमस एल घ्या : ७.५ टक्के, त्यात मध, आलं आणि दालचिनी. ताजी असताना आल्याची झणझण जिभेच्या टोकावर कळते. पुढच्या हिवाळ्यापर्यंत आलं आधी बसतं, दालचिनी नुसत्या तुरटपणापुरती उरते आणि मधाचा कोरडेपणा पुढे येतो. ही त्याच हंगामात प्यायची. जायफळ घातलेल्या बिअरला तर जपावं लागतं, कारण श्रीखंडात जायफळ जरा जास्त पडलं की जसं कडसर लागतं तसंच बिअरमध्येही होतं, आणि तो कडवटपणा ठेवून कमी होत नाही.

इथे एक फरक ओळखायला शिका. मसाल्याची चव दर वेळी मसाल्यातूनच येते असं नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या ट्रोएग्जची मॅड एल्फ ११ टक्क्यांची असते, त्यात चेरी आणि मध असतो, आणि तरी लवंग घातल्यासारखी लागते. ती लवंग बेल्जियन जातीच्या यीस्टची आहे. यीस्ट आंबवताना माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून ४-व्हिनाइल ग्वायाकॉल नावाचा पदार्थ तयार करतं, त्याला लवंगेचा वास असतो. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्येही लवंग येते ती अशीच. तेव्हा लेबलावर घटक वाचा. मसाले लिहिले असतील तर लवकर पिण्याची बिअर, नुसतं यीस्ट आणि गडद माल्ट असेल आणि मद्यार्क भरपूर असेल तर ठेवता येण्याजोगी.

बेल्जियमच्या हिवाळी बिअर या फळीवरचं खरं धन. वाटू गावची सेंट बर्नार्डस ख्रिसमस १० टक्क्यांची, एसेन गावच्या दे डोल्लेची स्टिल नाख्ट १२ टक्क्यांची, डेलिरियम नोएल १० टक्क्यांची. यांतल्या सेंट बर्नार्डसमध्ये बाटली भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात, त्यामुळे शेवटचं आंबणं बाटलीतच होतं. हे जिवंत यीस्ट बाटलीत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणून अशा बिअर इतरांपेक्षा जास्त टिकतात. नवी असताना मद्यार्क थोडा धारदार लागतो, दोन वर्षांनी तो मऊ होतो आणि मनुका, अंजीर, काळा खजूर यांची चव उघडते. तळाशी बसलेला गाळ म्हणजे खराबी नाही, ते यीस्टच आहे.

जर्मन डॉपलबॉककडे बहुतेक लोक पाहतही नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्युनिकच्या पाउलानर मठातल्या भिक्षूंनी उपवासाच्या काळासाठी ही दाट, पोटभरीची बिअर काढली, तिला साल्वाटोर हे नाव पडलं. पुढे इतर ब्रुअरींनीही आपापल्या नावांच्या शेवटी ‘-आटोर’ लावलं. आयिंगर ब्रुअरीची सेलेब्राटोर ६.७ टक्क्यांची असते. तिच्या गळ्यात पांढरी प्लॅस्टिकची छोटी बकरी दोऱ्याने बांधलेली असते, कारण जर्मनमध्ये ‘बॉक’ म्हणजे बोकड. ही लागर जातीच्या यीस्टने कमी तापमानात आंबवतात आणि मग शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरवतात. त्यामुळे इतकी गडद असूनही घशाखाली स्वच्छ उतरते, पावाच्या करपट कडेची आणि भाजलेल्या साखरेची चव मागे ठेवून. किंमत बॅरलमधल्या स्टाउटच्या तुलनेत खूपच कमी. यंदा एकच नवी बाटली घ्यायची असेल तर ही घ्या. ती वर्षभर अंधाऱ्या थंड जागी बिनधास्त राहते, पण दहा वर्षं ठेवायची ही बिअर नव्हे.

ठेवायची म्हणाल तर सामिक्लाउस. नावाचा अर्थ स्विस जर्मनमध्ये सांताक्लॉज. झुरिकच्या ह्युर्लिमान ब्रुअरीने ती सुरू केली, आता ऑस्ट्रियातल्या श्लॉस एगनबर्गमध्ये बनते. वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी उकळतात, साधारण दहा महिने मुरवतात आणि पुढच्या हिवाळ्यात विकतात. मद्यार्क १४ टक्के. नवी असताना काकवीसारखी गोड आणि जड लागते, अनेकांना पहिल्या घोटाला नकोशी होते. तीन-चार वर्षांनी ती शेरी वाइनसारखी होते.

आता स्टाउट. इम्पीरियल स्टाउट हा प्रकार अठराव्या शतकात लंडनच्या ब्रुअरी बाल्टिक समुद्रमार्गे रशियाला पाठवत असलेल्या कडक, काळ्या बिअरमधून आला. आजच्या अमेरिकन दुकानात ९ ते १४ टक्क्यांच्या स्टाउट येतात आणि त्यांचे तीन गट करावेत. साध्या, म्हणजे फक्त माल्ट, हॉप्स, पाणी, यीस्ट असलेल्या स्टाउट दोन-तीन वर्षं छान मुरतात. भाजक्या माल्टचा जळका कडवटपणा मवाळ होतो आणि कोको वर येतो. कॉफी घातलेल्या स्टाउट मुळीच ठेवू नका. सहा-आठ महिन्यांत कॉफीचा वास जातो आणि त्याजागी हिरव्या ढोबळ्या मिरचीसारखी कच्ची चव येते. एकदा ती जिभेला कळली की मग प्रत्येक जुन्या कॉफी स्टाउटमध्ये सापडते. व्हॅनिला, नारळ, मार्शमेलो वगैरे घातलेल्याही लगेच प्यायच्या.

तिसरा गट बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या बॅरलमध्ये मुरवलेल्यांचा. बर्बनचं पिंप साधारण २०० लिटरचं, नव्या ओकचं, आतून जाळलेलं असतं. त्यात एकदा व्हिस्की मुरली की बर्बनच्या नियमांनुसार पुन्हा वापरता येत नाही, म्हणून ती पिंपं ब्रुअरींना मिळतात. ओकच्या लिग्निनपासून व्हॅनिलाचा वास येतो, त्यातल्या लॅक्टोनमुळे नारळाचा. बिअर त्यात आठ ते चौदा महिने राहते. शिकागोच्या गूज आयलंडची बर्बन काउंटी थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ब्लॅक फ्रायडेला दुकानात येते, आणि लोक पहाटेपासून रांगा लावतात. ही मुरवण्याचं मोठं काम ब्रुअरीने आधीच केलेलं असतं. वर्षभर ठेवली तर मद्यार्काची झळ कमी होते, पण पाच वर्षं ठेवून दुप्पट चांगली होईल अशी आशा ठेवू नका. खूप जुनी झाली की यीस्टच्या मेलेल्या पेशी फुटून सोया सॉससारखी खारट चव येते, आणि तिथून परत फिरता येत नाही.

तुमच्या स्टाउटचा फेस का उसळला? कारणं तीन-चार असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. बाटली उबदार असेल किंवा नुकतीच हलली असेल तर कोणतीही बिअर उसळते. म्हणून आधी तसलीच दुसरी बाटली २४ तास फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि झाकण एकदम न काढता कडेने किंचित उचला. तरीही उसळली तर वास घ्या, चव बघा. आंबट, दह्याच्या निवळीसारखी असेल तर लॅक्टोबॅसिलस शिरला आहे. ताकाला जो हवाहवासा वाटतो तोच जिवाणू इथे बिघाड करतो, आणि पिंपाच्या लाकडाच्या छिद्रांतून त्याला हाकलणं फार अवघड असतं. आंबट नाही, पण बिअर पातळ, कोरडी आणि प्रचंड फसफसणारी असेल तर रानटी यीस्टने उरलेली साखर खाल्ली आहे. चव अगदी ठीक असून फक्त फेस उसळत असेल, तर बाटली भरताना साखर जास्त पडली असावी किंवा जवावर शेतातच फ्युझेरियम बुरशी आली असावी. त्या बुरशीतली प्रथिनं वायूचे सूक्ष्म बुडबुडे धरून ठेवतात आणि झाकण निघताच सगळे एकदम सुटतात. प्रकृतीला यांतलं काही सहसा अपायकारक नसतं. पण फुगलेला कॅन किंवा तळ बाहेर आलेला कॅन घरात ठेवू नका. तो थंड करून, टॉवेलात गुंडाळून मोरीत उघडा आणि ओतून टाका. फळांचा गर भरपूर घातलेल्या कॅनमध्ये हे जास्त होतं, म्हणून ते कायम फ्रिजमध्येच. बाटली आणि पावती दोन्ही घेऊन दुकानात गेलात तर चांगला दुकानदार बदलून देतो, कारण त्यालाही वितरकाकडे दाखवायला पुरावा लागतो.

दुकानात उभे असताना तारीख वाचायला दोन मिनिटं द्या. अमेरिकन ब्रुअरी बहुधा भरल्याची तारीख छापतात, काही वेळा नुसता दिवसाचा क्रमांक असतो. ‘२८५’ म्हणजे वर्षातला २८५ वा दिवस, १२ ऑक्टोबरच्या आसपास. युरोपातल्या बाटल्यांवर ‘अमुकपर्यंत उत्तम’ अशी तारीख असते आणि ती दिवस-महिना-वर्ष या क्रमाने असते. अमेरिकेत राहून आपल्याला उलटी वाचायची सवय लागलेली असते, तेव्हा ०६.११ म्हणजे ११ जून समजू नका. शिवाय कडक बेल्जियन बिअरवर ही तारीख कित्येक वर्षं पुढची असते, म्हणून ती दूर दिसली याचा अर्थ बाटली नवी असा होत नाही. गेल्या वर्षीचा शिल्लक माल पुन्हा फळीवर आलेला असू शकतो. सामिक्लाउसच्या बाबतीत ते सोनंच, मसाल्याच्या बिअरच्या बाबतीत टाळायचं.

काचेचा रंगही बघा. हॉप्समधल्या कडू आम्लांवर उजेड पडला की काही मिनिटांत स्कंक या प्राण्याच्या दुर्गंधीसारखा वास असलेला गंधकयुक्त पदार्थ तयार होतो. तपकिरी काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच अडवत नाही, कॅनला प्रश्नच नाही. इंग्लंडच्या सॅम्युअल स्मिथची विंटर वेलकम ६ टक्क्यांची सुंदर बिअर आहे, पण पारदर्शक बाटलीत येते. ती खिडकीतली किंवा दिव्याखालची उचलू नका, न फोडलेल्या खोक्यातली मागून घ्या. सहा सुट्या बाटल्या निवडून घ्यायची जी फळी असते तिथे हाच धोका. तिथे प्रत्येक पॅकमधल्या उरलेल्या एकेकट्या बाटल्या दिवसेंदिवस उजेडात उभ्या असतात.

घरी ठेवायची जागा म्हणजे तळघर, पण भट्टी आणि पाणी तापवायच्या टाकीपासून लांबचा कोपरा. १० ते १३ अंश उत्तम, उन्हाळ्यात १८ पर्यंत गेलं तरी चालेल. रोज वर-खाली होणारं गॅरेज नको. बाटल्या उभ्याच ठेवा, बुचाच्या असल्या तरी. वाइनसारखं आडवं ठेवलं की गाळ एका अंगाला चिकटतो आणि ओतताना सगळा ढवळला जातो. प्रत्येकीवर चिकटपट्टीने घेतल्याची तारीख लिहा. मुरवायच्या जातीच्या तीन घ्याव्यात : एक आता, एक पुढच्या वर्षी, एक त्यानंतर. एकच ठेवली तर ती बदलली की नाही, हे ठरवायला तुमच्याकडे आठवणीशिवाय काहीच नसतं. ८ टक्क्यांच्या खालची सहसा ठेवू नये. या नियमाला डॉपलबॉकसारखे अपवाद थोडेच.

देताना फ्रिजमधून काढून थेट ग्लासात, ही सवय गडद बिअरला मारते. सेलिब्रेशन ६ ते ८ अंशांना, डॉपलबॉक ८ ते १०, बेल्जियन १० ते १२, इम्पीरियल स्टाउट १२ ते १४. चार अंशांच्या फ्रिजमधली ३३० मिलिलिटरची बाटली घरच्या तापमानात बारा अंशांवर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. ग्लास तोंडाशी थोडा निमुळता असलेला घ्या, भांड्यांच्या साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही, म्हणून आधी साध्या पाण्याने विसळा. बाटलीत मुरलेली बिअर एकाच संथ धारेत ओता. बाटली मध्येच सरळ केलीत तर गाळ उठतो. तळाशी बोटभर ठेवून थांबा.

आणि प्रमाण. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे ५ टक्क्यांची ३५५ मिलिलिटर बिअर. त्या हिशेबाने १२ टक्क्यांच्या ४७३ मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये तीनपेक्षा जास्त ड्रिंक्स असतात, सामिक्लाउसच्या छोट्या बाटलीत अडीचपेक्षा जास्त. या बाटल्या दोघा-तिघांत वाटूनच प्यायच्या, आणि गाडी चालवणाऱ्याने नाही.

फराळाबरोबर द्यायची असेल तर तिखट चिवडा आणि आयपीए एकत्र नको, हॉप्सचा कडवटपणा तिखटाला आणखी धार लावतो. चिवडा-चकलीला डॉपलबॉक द्या. बेसनाच्या लाडवाला साधी इम्पीरियल स्टाउट, कारण भाजलेलं बेसन आणि भाजलेला माल्ट जवळचे नातलग आहेत. गोव्याहून आलेली बेबिंका हाती लागली तर तिच्यातलं जायफळ, नारळाचं दूध आणि खरपूस थर बॅरलमधल्या स्टाउटला शोभतात.

यंदाची खरेदी अशी करा : सेलिब्रेशनच्या सहा, फ्रिजमध्ये, नाताळपर्यंत संपवायच्या. मसाल्याच्या दोन. सेलेब्राटोरच्या चार. सेंट बर्नार्डस तीन, सामिक्लाउस तीन, तळघरात. बॅरलची एखादीच, चार माणसं जमतील तेव्हासाठी. जानेवारीत सवलत लागते तेव्हा परत जा. त्या वेळी डॉपलबॉक, बेल्जियन आणि साध्या स्टाउट स्वस्तात उचला, हॉप्सच्या आणि मसाल्याच्या तिथेच राहू द्या.

पुण्याला नेता येतील. भारतात प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ३३० मिलिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, नेमक्या बसतात. त्या चेक-इन सामानातच, प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत, मग मोज्यात, आणि बॅगेच्या मधोमध. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, भावाकडे तो असू द्या. सेलिब्रेशन नेऊ नका, प्रवासात आणि तिकडच्या उन्हात ती टिकणार नाही. दोन सेंट बर्नार्डस, दोन सेलेब्राटोर, दोन सामिक्लाउस न्या. पोचल्यावर बाटल्या दोन दिवस फ्रिजमध्ये उभ्या राहू द्यायला सांगा, म्हणजे हललेला गाळ खाली बसेल. मुरवायच्या म्हणून ठेवायच्या असतील तर त्याही पुण्यात फ्रिजच्या सर्वांत खालच्या, दारापासून आतल्या कप्प्यातच. एप्रिल-मेमध्ये माळ्यावर ठेवलेली बाटली पावसाळ्यापर्यंत उरत नाही.